तेरा पायऱ्यांपलीकडचा मुलूख

डच लोकांच्या देशात, वाखनिंगनला, पीएचडी करत होते तेव्हा स्वयंपाकघरात जायला मला परवाना लागायचा. थट्टा करत नाहीये. हिरवट कागद, त्यावर माझं नाव, ‘मूळ गाव: तासगाव’, ‘प्रवासाचं कारण: वरण-भात’, खाली गोल शिक्का आणि घरमालकांची सही. मुदत पंचेचाळीस मिनिटं. डाळ शिजायला वेळ लागला तर मुदतवाढीसाठी वेगळा अर्ज करायचा, आणि तो डाळ शिजायच्या आत करायचा.

घरमालक ऐंशीच्या घरातले होते. उंची दारात वाकावं लागेल एवढी, पांढरी अर्धी विजार, पांढरे मोजे थेट गुडघ्यापर्यंत, आणि हा पोशाख बाहेर बर्फ पडत असला तरी बदलत नसे. तोंडावर आम्ही त्यांना ‘मेनेर’ म्हणायचो, म्हणजे आपलं ‘साहेब’. पाठीमागे म्हणायचो गव्हर्नर. इंग्रजीत बोलतानाही ते मला मुद्दाम डचमधलं ‘तुम्ही’ म्हणायचे. चोवीस वर्षांच्या मुलीला माझ्या सख्ख्या काकांनीही कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं, त्यामुळे पहिला महिनाभर मी मागे वळून बघायचे, कोणाशी बोलतायत म्हणून.

त्यांच्या घराचा भूगोल असा: तळमजला म्हणजे मायदेश. तिथे ते राहत, आणि स्वयंपाकघरही तिथेच. वरचा माळा म्हणजे समुद्रापलीकडचा मुलूख. तिथे दोन खोल्या, एकीत मी आणि एकीत चीजच्या बुरशीवर संशोधन करणारा एक नागपूरकर. मधला तेरा पायऱ्यांचा जिना म्हणजे समुद्र. इथल्या घरांतले जिने इतके उभे असतात की त्यांना जिना म्हणायचं ते केवळ रीत म्हणून. मध्ये वळणावर न्हाणीघर होतं. ते मात्र खुलं बंदर, तिथे परवान्याची गरज नसे. माणूस विक्षिप्त होता, पण अव्यवहारी नव्हता. आणि नियम स्वतःलाही लावायचा. कोपऱ्यावर पाव आणायला जाताना ते स्वतःच्या नावाने परवाना लिहीत, त्यावर शिक्का मारत आणि परत आल्यावर तो रद्द करत.

मग तिथे राहिलीस कशाला, असं आई फोनवर रोज विचारायची. एक तर सप्टेंबरात त्या गावात खोली मिळणं म्हणजे नवस फळण्यासारखं. दुसरं, हे घरमालक खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पत्ता नोंदवू देत होते. पत्ता नोंदवला नाही तर या देशात बँकही तुम्हाला ओळखत नाही. आणि तिसरं कारण मी आईला कधी सांगितलं नाही. माझे बाबा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. मी मुळाक्षरं गिरवली ती जावक बारनिशीच्या, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालाच्या वहीच्या, कोऱ्या राहिलेल्या पानांवर. शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं, आणि ते घर इतर कुठे नव्हतं.

टपालाची गंमत तर विचारू नका. पत्रं खालच्या दाराच्या फटीतून आत पडत. साहेब ती उचलून पहिल्या पायरीवर ठेवत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पायरीवर. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. माळ्यावर पत्र पोचायला तेरा दिवस, कारण डाकबोटीला तेवढे लागतातच. रविवार वेगळे, तेव्हा बोट बंद. वाटेत कोणी पत्र उचललं तर तो दर्यावरचा दरोडा, आणि त्याला शिक्षा म्हणून आठवडाभर फक्त थंड जेवणाचा परवाना.

एकदा माझं राहण्याच्या परवान्याचं, म्हणजे खऱ्या सरकारचं, पत्र पाचव्या पायरीवर येऊन बसलं. वरून वाकल्यावर मला माझं नाव दिसत होतं. आत कुठल्या तारखेला कुठे बोलावलंय ते दिसत नव्हतं. नागपूरकर म्हणाला, “उचल न सरळ. काय करून घेईल तो म्हातारा?” पण माझ्यातली कारकुनाची मुलगी जागी झाली. मी खोलीत गेले आणि इंग्रजीत पण बाबांच्या पद्धतीने अर्ज लिहिला. विषय: डाकबोटीतील पत्राचा मजकूर तारेने मिळणेबाबत. संदर्भ: पाचवी पायरी. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की.

साहेबांनी तो अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. “संदर्भ दिला आहे तुम्ही,” ते म्हणाले. माझ्या परवानगीने पाकीट फोडून ते जिन्याखाली उभे राहिले आणि वरच्या दिशेने खणखणीत ओरडले, “बोटांचे ठसे. मंगळवार. साडेनऊ. पासपोर्ट आणा.”

“मेनेर, कुठल्या गावाला?” मी वरून विचारलं.

“तारेत शब्द मोजके असतात,” ते म्हणाले. मग बराच विचार करून त्यांनी भर घातली, “एक शब्द जादा घालतो. उट्रेख्ट.”

त्या दिवसापासून मी मुलखाची मुख्य कारकून झाले. पगार नाही, पण वरणाची मुदत तासावर गेली.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहाला, साहेबांचा दौरा असे. काखेत घडीची खुर्ची, एका हातात नोंदवही, दुसऱ्या हातात बिस्किटांचा डबा, असे ते एकेक पायरी ‘समुद्र आज शांत आहे’ म्हणत चढायचे. वर आले की बोळात खुर्ची मांडून बसत. आम्ही दोघं समोर उभे. प्रत्येकाला एक बिस्कीट, लगेच डब्याचं झाकण बंद. (हे झाकण बंद करणं गव्हर्नरपणातलं नव्हे, ते या देशात सगळ्यांच्याच घरी करतात.) मग जनगणना. लोकसंख्या: दोन. आजारी: कोणी नाही. पीक: कोथिंबीर, एक कुंडी, मध्यम. शेवटी शेरा. एकदा मी चोरून वाचला होता: ‘लोक शांत आहेत, पण फोडणी जोरात करतात.’

एका शनिवारी त्यांनी आम्हाला ‘स्थानिक रहिवासी’ म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “मेनेर, आमच्याकडे दीडशे वर्षं हेच चाललं होतं. गोरा साहेब खुर्चीत आणि आम्ही उभे. माझ्या पणजोबांना साहेबाच्या घोड्यासाठी फुकट गवत कापून द्यावं लागायचं. तुम्हाला ही गंमत वाटते, आम्हाला नाही वाटत.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “ते इंग्रज,” ते म्हणाले. “त्यांच्या नोंदी गलथान असत.” मग नरम आवाजात म्हणाले, “गवताची तक्रार लेखी द्या. मी बघतो.”

मी इतकी संतापले होते की मला हसू आलं. आणि खरं सांगायचं तर मी तक्रार दिली. पुढच्या दौऱ्यात ती शेरा मारून परत आली: ‘हद्दीबाहेर. लंडनला पाठवावी.’ मात्र त्याच दिवशी त्यांनी खालून आणखी दोन घडीच्या खुर्च्या आणल्या होत्या. आम्ही बसलो.

नागपूरकराला हे सगळं पटत नसे. “आपल्या आज्यानं इंग्रज घालवले अन् तू इथं भाताचे परवाने घेऊन राहिली,” असं तो मला ऐकवायचा. पंधरा ऑगस्टला त्याने खिडकीत तिरंगा लावला आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभा राहून माळा स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. साहेब खालून म्हणाले, “तीन प्रतींत.” नागपूरकराने तणतणत तीन प्रतींत अर्ज दिला. आठवड्याभराने त्यावर शेरा आला: ‘मागणी रास्त. विचाराधीन.’ स्वातंत्र्य मिळायच्या आत त्याला आइंडहोवनला नोकरी मिळाली आणि तो गेला. जाताना साहेबांनी त्याला निरोपाची दोन बिस्किटं दिली. तो सायकलवर बसला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, हे तो आजही मान्य करत नाही.

मग त्या जानेवारीत, दौऱ्यावर येताना, साहेब नवव्या पायरीवरून पडले. मी धावत खाली गेले तर ते भिंतीला टेकून पडलेले, चेहरा पांढराफटक. म्हणाले, “बोट बुडाली. नोंद करा.” मी अँब्युलन्सला फोन करत होते आणि ते नोंद केली का, नोंद केली का, एवढंच विचारत होते. कंबरेचं हाड मोडलं होतं.

दीड महिन्याने ते घरी आले ते हातात आधाराची चाकांची चौकट धरून, आणि सोबत मास्ट्रिख्टहून त्यांची लेक. पन्नाशी ओलांडलेली, विद्यापीठात कायदा शिकवणारी, थकलेली बाई. तिने तिकडे आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात तळमजल्यावरची, बागेकडे खिडकी असलेली खोली मिळवली होती. खोली दहा दिवसच राखून ठेवणार होते. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, आता पडले तर उठणार नाहीत. आणि साहेब जायला तयार नव्हते. ओरडा नाही, रडारड नाही. लेक विचारायची, “पपा, का नाही?” ते म्हणायचे, “चार्ज कोण घेणार?”

नवव्या दिवशी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसून रडली. म्हणाली, “लहानपणी मला वडिलांच्या खोलीत जायला चिठ्ठी लागायची. आता म्हातारपणी त्यांना माझ्याकडे यायला चिठ्ठी पाहिजे, आणि ती कोणी द्यायची ते मला कळत नाही.” त्या हिरव्या कागदांवर मी आजवर हसत आले होते. त्या दिवशी मला त्यांचा राग आला, आणि तिची फार कीव आली.

मी साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांच्यासमोर बसले. परवाना काढला नव्हता. त्यांनीही विचारला नाही. मी म्हटलं, “कसला चार्ज, मेनेर? नीट सांगा.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. तेविसाव्या वर्षी त्यांना तेव्हा डच अंमलाखाली असलेल्या न्यू गिनीत पाठवलं होतं. एका नदीच्या वळणावर एका खोलीचं सरकारी ऑफिस, आजूबाजूला पाच-सात गावं, आणि हा पोरगा त्यांचा मालक. शिकवलेलं सगळं खरं मानणारा. आठ महिने त्याने परवाने दिले, माणसं मोजली, दौरे केले. एक दिवस रेडिओवर हुकूम आला: आपलं राज्य संपलं, गुरुवारी बोट येईल, नव्या सरकारचा माणूस त्याच बोटीने येईल, त्याला किल्ली आणि यादी देऊन निघा. बोट आली. नवा माणूस आला नाही. कप्तान म्हणाला, चढ नाहीतर राहा. साहेबांनी ऑफिसला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बोटीत चढले.

“त्या ऑफिसचा चार्ज माझ्याकडे आहे,” ते म्हणाले. “अजून.”

परत आल्यावर पुढची पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, पण तो त्यांच्या लेखी फावल्या वेळचा उद्योग. खरी नोकरी संपलेलीच नव्हती. मुलूख हातचा गेला, तर त्यांनी माळ्यावर नवा मांडला. मी म्हटलं, “मेनेर, ते ऑफिस वाळवीने कधीच खाल्लं असेल.”

“ऑफिस खाल्लं असेल,” ते म्हणाले. “चार्ज वाळवी खात नाही.”

मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. वाटलं होतं हसतील. बाबा निवृत्तीनंतर प्रथमच इतक्या उत्साहाने बोलले. “बरोबर आहे त्यांचं. चार्ज दिल्याशिवाय माणूस कसा हलेल? माणूस सज्जन दिसतो. तू असं कर, चार्ज रिपोर्ट दोन प्रतींत कर, वस्तूंची यादी जोड, आणि प्रलंबित अर्जांची वेगळी. प्रलंबित लपवू द्यायचं नाही हं. सगळे तिथंच फसवतात.”

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खोली राखून ठेवलेल्या शेवटच्या दिवशी, चार्ज झाला. नागपूरकराला साक्षीदार म्हणून आइंडहोवनहून बोलावला. तो सुट्टी टाकून आला, वर टाय लावून आला. साहेबांनी एकेक वस्तू टेबलावर ठेवली आणि मी यादीत खूण केली. शिक्का एक. शाईची गादी एक, कोरडी. नोंदवह्या एकतीस. बिस्किटांचा डबा एक. आणि लोखंडी किल्ली एक. (ती आज फेल्डहोवनला आमच्या दारामागे सायकलींच्या किल्ल्यांबरोबर लटकते. नवरा चिपच्या यंत्रांच्या कंपनीत, घरात चार सायकली, आणि माझी लेक अधूनमधून डचमध्ये विचारते, ही कुठल्या सायकलची.) मी सही केली: चार्ज घेतला. साहेबांनी केली: चार्ज दिला. मुळात कोणीच घ्यायला नको होता असा चार्ज मी घेतला, हे मला कळत होतं. पण समोर एक म्हातारा साठ वर्षं उभा होता, त्याला बसायला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं.

“प्रलंबित अर्ज?” मी विचारलं.

साहेबांनी पहिला दिला, नागपूरकराचा स्वातंत्र्याचा. मी तिथेच लिहिलं: मंजूर. नागपूरकर टाय सावरत उभा राहिला. साहेब म्हणाले, “मीही मंजूरच केला असता. सहा महिन्यांनी.”

मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मला बाबांचं वाक्य आठवलं. “मेनेर, अजून आहे का?”

शर्टाच्या आतल्या खिशातून त्यांनी घड्या घालून घालून मऊ झालेला कागद काढला. त्या नदीकाठच्या एका म्हाताऱ्याचा अर्ज होता. त्याने सांगितला, दुभाष्याने मलायीत लिहिला, साहेबांनी आवक क्रमांक घातला. एकच ओळ होती आणि ती त्यांनी मला इंग्रजीत वाचून दाखवली: ‘साहेब आले आहेत. साहेब कधी जाणार?’

“तो दर आठवड्याला यायचा,” ते म्हणाले. “पायरीवर बसायचा. उत्तर काय आलं विचारायचा. मी म्हणायचो, विचाराधीन आहे. या प्रश्नासाठी फॉर्म नव्हता. वर पाठवायची मला लाज वाटली.”

“पण तुम्ही गेलात ते त्याने बघितलं असेल ना?”

“काठावर उभा होता. मी बोटीतून हात हलवला.” त्यांनी कागदाची घडी पुन्हा सरळ केली. “दिसणं म्हणजे उत्तर नव्हे. मी आठ महिने त्याला बसवून ठेवलं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं.”

लेक दारात उभी होती. तिने हा कागद कधी पाहिला नव्हता. मला वाटतं, वडील एवढी वर्षं काय सांभाळत होते ते तिला तेव्हा समजलं, आणि मलाही तेव्हाच.

अर्ज निकाली काढायचा तर उत्तर अर्जदाराला पोचलं पाहिजे. अर्जदार गेल्याला कित्येक वर्षं झाली असणार. पण त्यावरही बाबांच्या कचेरीत उपाय होता, आणि तो मी लहानपणापासून बघत आले होते: माणूस सापडला नाही तर दोन पंचांसमक्ष कागद दारावर डकवायचा. मी गव्हाच्या पिठाची खळ केली. उत्तर लिहिलं, शिक्का थुंकीने ओला करून मारला. ते ऑफिसचं दार काही उरलं नव्हतं, म्हणून मुलखाचं दार धरलं, माळ्याचं. नागपूरकर आणि लेक पंच. आम्ही तिघं वर गेलो. साहेबांना चढणं शक्य नव्हतं. ते कोट घालून चाकांच्या चौकटीला धरून जिन्याखाली उभे राहिले. बाहेर मोटार तयार होती.

मी कागद दारावर डकवला, तळहाताने दाबला.

“तारेने कळवा,” खालून आवाज आला.

मी जिन्याच्या तोंडाशी आले आणि खाली बघून ओरडले, “अर्ज वाचला. साहेब गेले.”

ते वर बघत होते. वाटलं, आता नोंद केली का विचारतील.

“एक शब्द जादा घाला,” ते म्हणाले.

“कुठला, मेनेर?”

“उशिरा.”

मी पेन काढून ओल्या कागदावर तो शब्द लिहिला. शाई थोडी पसरली. लिहून झाल्याचं मी खाली ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी मान हलवली. लेक धावत खाली गेली. तिचा हात धरून ते दाराबाहेर पडले, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाने परवाना लिहिला नव्हता.